जिजींच्या लुगड्यांचा कोरियन जोगाकबो करायचा आहे: कापू की नको?

यावलची_सून

नमस्कार मंडळी. शिवणकाम आणि कला, दोन्ही कळणाऱ्यांना विचारतेय.

माझ्या सासूबाईंची (आम्ही सगळे जिजी म्हणायचो) लुगडी कपाटाच्या वरच्या खणात पडून आहेत. सगळी नऊवारी, सुती. एक हिरव्या चौकड्याचं, एक वांगी रंगाचं, दोन-तीन काळपट लाल, आणि एक असं की ज्याचा मूळ रंग कोणता होता यावर नणंदांमध्ये अजून वाद आहे. त्या म्हणतात, गोधड्या शिवून टाक. पण जळगावच्या उन्हाळ्यात पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तिथे गोधडी घेणार कोण? दिवाणात आधीच गोधड्यांची थप्पी आहे. कानबाईच्या सणाला पाहुणे आले की तेवढ्या बाहेर निघतात.

मध्यंतरी मोबाईलवर जोगाकबोचे फोटो दिसले. कोरियातले लोक उरलेल्या चिंध्या जोडून बोजागी म्हणजे वस्तू बांधायचे रुमाल करायचे, त्यातला हा तुकड्यांचा प्रकार. आता तो खिडकीत टांगतात. उजेड आरपार येतो आणि प्रत्येक तुकड्याभोवती बारीक गडद रेघ दिसते. फोटो मोठा करकरून बघितला, पण उलटी बाजू कोणती तेच कळेना. दोरे लोंबत नाहीत, कडा दिसत नाहीत. हे करतात कसं?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. माझी भाची पुण्यात टेक्स्टाइल डिझाइन शिकते. तिला सांगितलं तर म्हणाली, "मामी, लुगड्यांना कात्री लावू नकोस. किमसूजा नावाची कोरियन कलावंत आहे, ती जुनं कापड कापत नाही की शिवत नाही, नुसतं बोचकं बांधते. ते खरं समकालीन. तू करतेस ती फक्त सजावट." तेव्हापासून कात्री हातात घेतली की तिचाच आवाज ऐकू येतो. जिजी असत्या तर दोघींनाही कामाला लावलं असतं, हेही खरंच.

---

निदेशिका_धुळे

मी आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवलंय, आता निवृत्त. पहिल्या प्रश्नाचं सांगते, दुसरा कलावाल्यांसाठी ठेवते.

गोधडीला पदर असतात. चिंध्यांच्या कडा आत गडप होतात, वरून दोरे भरले की झालं. तुम्ही बघितलेला जोगाकबो एकेरी आहे, अस्तर नाही. (अस्तराचेही असतात, पण ते खिडकीचे नव्हेत.) अस्तर नसलं की शिवण लपवायला जागा राहत नाही, म्हणून तिलाच दोन्हीकडून देखणी करावी लागते.

सुती कापडाची पद्धत सोपी आहे. दोन तुकडे एकावर एक ठेवा, पण खालच्याची कड वरच्यापेक्षा पाव इंच बाहेर काढा. शिवा. बाहेर राहिलेली कड आखूड कडेवरून दुमडून तिला पोटात घ्या, सगळं एका बाजूला पाडा आणि पुन्हा शिवा. जीन्सच्या पायाला आतून हीच शिवण असते. कोरियन लोक तिला स्सामसोल म्हणतात. त्या पट्टीत कापड चार पदरी होतं, म्हणून उजेडात ती गडद दिसते. तुमची "रेघ" ती हीच. वेगळा धागा नाही, रंग नाही.

झिरझिरीत रेशमाला दुसरी पद्धत आहे, केक्की. घडीच्या अगदी कडेला शिवण मारायची, उरलेलं कापड शिवणीला लागून कातरायचं, पुन्हा दुमडायचं, पुन्हा शिवायचं, पुन्हा कातरायचं, मग तिसरी शिवण. शेवटी रेघ जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उरते. उन्हाळी हानबोक, म्हणजे तिकडचा पारंपरिक पोशाख, तोही असाच शिवतात. लुगड्यावर हा प्रयोग करू नका. विरलेल्या सुताला कात्री इतक्या जवळून गेली तर पहिल्या धुण्यात उसवेल.

हातानेही करतात. दोन्ही कडा आत दुमडून समोरासमोर धरायच्या आणि टोकांवरून तिरके, खसखशीएवढे टाके घालत जायचं. तिकडच्या बायका रंगीत दोरा मुद्दाम वापरायच्या, टाका दिसावा म्हणून. आपण आयुष्यभर मुलींना दोरा कापडाला मिळता घ्यायला शिकवलं!

आता खरी गोष्ट. जिजींच्या एखाद्या लुगड्याला दंड घातलेला आहे का बघा. बसायचा भाग आधी विरतो. मग मधला पट्टा काढून टाकायचा आणि दोन चांगली टोकं जोडायची, की लुगडं आणखी काही वर्षं चालायचं. आता मुलींना दंड माहीत नाही. ती शिवण सापडली की बोटाने चाचपा आणि उलटी करा. लुगडं दोन्हीकडून दिसतं, निऱ्यांमध्ये तर हमखास. म्हणून जुन्या बायका दंडाच्या कडा आत घ्यायच्याच. तुम्हाला मोबाईलवरून शिकायची गरज नाही, नमुना कपाटात असेल.

---

बोरी_काठ

हाई तं आपलीच गोधडी शे भो! आमच्या मायने जन्मभर चिंध्या जोडल्या, तिला कोणी कलावंत म्हटलं नाही. कोरियात जोडल्या की म्युझियम. आणि बोचकं बांधलं की परदेशात प्रदर्शन! आमच्या अमळनेरच्या स्टँडवर दर लग्नसराईत असली शेकडो प्रदर्शनं भरतात.

---

चित्रकलासर_नंदुरबार

बोरीकाठ, तुमचा टोमणा रास्त आहे, आणि कोरियातसुद्धा गोष्ट अशीच होती. जोगाकबो शिवणाऱ्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. घरातल्या कपड्यांचे तुकडे, घरातलाच वापर. लोक ते फेकून देत होते तेव्हा हो दोंग-ह्वा नावाच्या संग्राहकाने ते गोळा करायला सुरुवात केली आणि 1976 मध्ये सोलमध्ये भरतकामाचं संग्रहालय उघडलं. त्यांचा संग्रह पुढे सोल शहराला मिळाला. 2021 मध्ये तिथे सरकारी हस्तकला संग्रहालय सुरू झालं, त्यात तो आहे. म्हणजे तुमच्या मायच्या गोधडीत आणि त्या जोगाकबोत फरक एवढाच की तिकडे एक माणूस वेळेवर पिशवी घेऊन उभा राहिला. आपल्याकडे गोधड्यांसाठी असं कोणी गावोगाव फिरलं असतं तर?

बरेच जण जोगाकबो बघून मोंद्रियान या डच चित्रकाराचं नाव घेतात. मला ते खटकतं. त्याच्या चौकटी 1920 च्या आसपासच्या. कोरियातल्या चोसॉन राजवटीच्या काळातल्या बायका त्याच्या आधीपासून तुकडे जोडत होत्या, आणि त्यांच्या चौकटी वाकड्या आहेत त्याला कारण आहे. तिकडचं रॅमीचं कापड, त्यांची मोसी, जेमतेम फूटभर पन्ह्याचं असतं. त्यातून बाहीचा गोल, गळ्याचा वाक कापला की जे उरतं ते कधीच सरळ चौकोन नसतं. त्या मोसीला श्रमही भयंकर. झाडाच्या सालीचे तंतू दातांनी चिरायचे, मांडीवर वळून एकाला एक जोडायचे, आणि दमट खोलीत बसून विणायचं, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो. (आपल्या वैशाखात तो माग चाललाच नसता.) हानसान भागातलं हे विणकाम 2011 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. इतक्या कष्टाच्या कापडाचा बोटभर तुकडा कोण टाकेल? आपण कापसाच्या मुलखातले, तरी ही काटकसर आपल्याला नवी नाही.

आता भाचीचं म्हणणं. ती चूक नाही, पण गोष्ट मधूनच सांगतेय.

किमसूजाचा जन्म 1957 चा, देगूचा. शिक्षण चित्रकलेचं, सोलच्या होंगिक विद्यापीठात. 1983 मध्ये ती आईबरोबर पलंगपोस शिवत बसली होती, आणि सुई कापडात शिरली त्या क्षणी तिला काहीतरी लख्ख जाणवलं असं ती स्वतः सांगते. कॅनव्हास म्हणजे ताणलेलं कापडच, मग त्यावर रंग चढवण्यापेक्षा सुई त्याच्या आरपार का जाऊ नये? त्यानंतरची कित्येक वर्षं ती जुने कपडे आणि पलंगपोस शिवत होती. तुकडे जोडून, मोठमोठे. बोचकं आलं ते 1992 च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये एका कलाकेंद्रात राहत असताना. स्टुडिओत सामान बांधून ठेवलेलं गाठोडं पडलं होतं आणि तिला ते अचानक शिल्प म्हणून दिसलं. कापड सपाट होतं, गाठ मारली आणि घनाकार झालं. इतकी साधी युक्ती आहे, आणि म्हणूनच मला आवडते.

ज्या पलंगपोसांची ती बोचकी बांधते ते नवविवाहितांना भेट मिळणारे, भडक गुलाबी, हिरवे, त्यावर दीर्घायुष्याची, लेकराबाळांची चिन्हं भरलेली. पण ती नवे घेत नाही. वापरलेलेच घेते, ज्यावर कोणीतरी झोपलंय, आजारी पडलंय. 1997 मध्ये अशी बोचकी ट्रकवर रचून, स्वतः वर बसून, ती कोरियाभर फिरली. कामाच्या नावातच अंतर आहे: 2727 किलोमीटर. अकरा दिवस. लहानपणी ज्या गावांत राहिली त्या गावांतून. 1999 मध्ये तोच विचार घेऊन ती व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाला गेली, तेव्हा ट्रक कोसोवोच्या निर्वासितांना अर्पण केला होता. लग्नसराईच्या स्टँडवरचं बोचकं आणि घर सोडून पळणाऱ्याचं बोचकं दिसायला एकच असतं, बोरीकाठ. धरणाच्या बुडितातून उठलेली गावं आमच्या नंदुरबारकडेही आहेत. म्हणून मी ती ट्रकची चित्रं मुलांना वर्गात दाखवतो. गंमत म्हणजे मुलांना सांगावं लागत नाही.

मग काही कामांत तिने कापडही सोडलं. 'अ नीडल वुमन' नावाच्या कामात ती भर रस्त्यात पाठमोरी, अजिबात न हलता उभी राहते आणि गर्दी दोन्ही बाजूंनी वाहते. तोक्यो, शांघाय, लागोस, आपली दिल्लीही. तिथे ती स्वतःच सुई. यमुनेच्या काठावर अशीच उभी राहून केलेलं कामही आहे, 2000 मधलं. 2013 मध्ये त्याच प्रदर्शनातलं कोरियन दालन मिळालं तर तिने आत वस्तू मांडल्याच नाहीत, काचांना प्रकाश फोडणारा पातळ पापुद्रा लावून सगळी इमारतच गुंडाळली. बोजागीचं काम हेच ना, गुंडाळणं?

तेव्हा भाचीला सांगा: किमसूजा शिवत नाही हे खरं, पण ती न शिवण्यापर्यंत शिवूनच पोचली.

आणि समकालीन म्हणजे ती एकटी नाही. चुंगी ली म्हणून आहेत, 1945 चा जन्म, अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या डिझाइन कॉलेजातही शिकवलेल्या. त्यांनी उलटा रस्ता धरला. शिवण सोडली नाही, जोगाकबोची शिवण तशीच ठेवली आणि तुकड्यांवर जुन्या फोटोंमधल्या कोरियन बायकांचे चेहरे छापले. मालिकेचं नावच 'नो-नेम वुमन'. जिने शिवलं तिचं नाव नाही, तर निदान चेहरा तरी कापडावर येऊ दे. ही सजावट म्हणायची का? मला तर किमसूजापेक्षा लींचं काम आपल्या घरांना जास्त जवळचं वाटतं. मात्र किमसूजाचं धाडस मोठं, हेही कबूल करतो.

यावलची ताई, दोघींनी परंपरेतलं एकेक ठेवलं आणि एकेक सोडलं. एकीने कापड आणि गाठ ठेवली, दुसरीने शिवण. दोघींनीही नुसता जुना नमुना उतरवून काढला नाही. तुमच्याकडे जिजींची लुगडी आहेत. ती कापली तरी तुम्ही त्यांच्याच रांगेत.

---

बोरी_काठ

सर, ट्रकचं पटलं. आमचे आजोबा प्रताप मिलला होते. मिल बंद पडल्यावर शेजारची दोन बिऱ्हाडं सुरतेला गेली, सगळा संसार चादरीत बांधून. चादरी मिलच्याच होत्या. म्युझियमचा राग मात्र कायम आहे.

---

यावलची_सून

निदेशिकाताई, सापडला! वांगी लुगड्याला दंड आहे. इतकी वर्षं घड्या घातल्या, पण तिथे कधी हात थांबला नव्हता. दोन्ही कडा आत, मधोमध चपटी पट्टी, टाके हातचे. एका टोकाला दोरा पांढरा आणि मध्येच हिरवा झालाय, बहुतेक पांढरा संपला. खिडकीशी धरलं तर अगदी तशीच गडद रेघ. भाचीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हे कापू नकोस पण." ते मलाही पटलं, दंडाचं लुगडं तसंच ठेवते. बाकीची कापणार, ठरलं.

आता अडचणी. हिरवं चौकडं इतकं मऊ झालंय की घडी बसतच नाही, बोटाखालून निसटते. आणि खिडकी कोणती घ्यावी? हॉलची पश्चिमेला आहे, दुपारी तिथे हात लावला तर गज भाजतो. दोरा पॉलिस्टरचा चालेल का, घरात तोच आहे.

सर, चेहरे छापायची कल्पना डोक्यात घोळतेय, पण जिजींचा धड एकच फोटो आहे, रेशनकार्डावरचा. त्यात त्या फोटोग्राफरवर रागावलेल्या आहेत.

---

चित्रकलासर_नंदुरबार

रागावलेलाच छापा. फक्त मूळ फोटोला हात लावू नका, मोबाईलवर फोटो काढून स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे न्या. लग्नाच्या पिशव्या छापतात ते लोक करून देतील. काळी शाई, फिक्या लुगड्यावर. छापल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवून शाई पक्की करून घ्या आणि मगच तो तुकडा जोडायला घ्या.

---

निदेशिका_धुळे

आधी कापडाची परीक्षा. दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकं ताणायचं. चर्र वाजलं की तेवढा भाग सोडून द्यायचा, कितीही रंग सुंदर असो. काठाजवळचं आणि पदराचं कापड बहुतेक टिकलेलं असतं.

मऊ कापडाला खळ द्या. तांदळाची पेज गाळून पातळ करा किंवा साबुदाण्याची करा, लुगडं बुडवून पिळा, सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री. मग घडी कागदासारखी बसेल. कोरियात मोसीलाही खळ देतात, आणि घडी पाडायला निखाऱ्यात तापवायची टोकदार छोटी इस्त्री असायची. तुम्ही साधी इस्त्री वापरा, पण प्रत्येक शिवणीनंतर फिरवा. सगळं शिवून झाल्यावर एकदम इस्त्री करू म्हणाल तर पडदा कधीच सपाट होणार नाही. काम संपलं की एकदा धुऊन खळ काढून टाका. पेज राहिली तर झुरळं आणि कसर दोन्ही येतील.

पॉलिस्टरचा दोरा नको. तो कापडापेक्षा मजबूत असतो, जुन्या सुताला कापू शकतो. सुती आणा, आणि मशीनला बारीक सुई लावा.

जोडायचा क्रम: आधी लहान तुकडे जोडून पट्ट्या करा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा. सरळ शिवणच राहील अशा बेताने मांडा. कोपरा आत घुसवायचा मोह पहिल्या कामात नको. आणि तुकड्याचा उभा धागा पडद्यातही उभाच ठेवा, नाहीतर टांगल्यावर एक बाजू लोंबेल. चौकड्यात उभा धागा ओळखायला सोपं, काठाला समांतर जातो तो.

पश्चिमेची खिडकी विसरा. आपलं चैत्र-वैशाखाचं ऊन नव्या कापडाला सोडत नाही, हे तर विरलेलं. उत्तरेची असेल तर उत्तम, नाहीतर देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात टांगा. उजेड तिथेही येतो. वरच्या बाजूला जिजींचा काठ लावा, तो जाड असतो, दांडी ओवायला बरा. खाली वजनाला दुसरा काठ.

भाची सुट्टीत येईल तेव्हा पट्ट्या जोडायला तिला मशीनवर बसवा. शिवण सरळ येते का बघू.